मुलाची वाचन चाचणी झाली, पुढे काय? निपुण भारत अभियानाबद्दल पालकांसाठी माहिती

तुमचे मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत पहिली ते पाचवीत शिकत असेल, तर शिक्षक अधूनमधून त्याला एकट्याला जवळ बसवून अक्षरे, शब्द किंवा छोटा उतारा वाचायला सांगतात. काही शाळांत याला स्तर निश्चिती म्हणतात, काही ठिकाणी निदानात्मक चाचणी, तर काही ठिकाणी नुसती वाचन चाचणी. ही चाचणी कशासाठी असते, तिच्यातून काय कळते आणि त्यानंतर शाळेने काय करायला हवे, हे या लेखात सांगितले आहे.

थोडक्यात

- ही चाचणी पास-नापास ठरवण्यासाठी नाही. मूल वाचनात नेमके कुठे अडले आहे, ते शोधण्यासाठी आहे.
- तिच्यासाठी अर्ज करावा लागत नाही आणि शुल्कही नाही.
- चाचणीत जे आढळले त्याप्रमाणे मुलाला पुढे वेगळे शिकवले जायला हवे. तसे झाले नाही, तर चाचणीचा मुलाला काहीच उपयोग होत नाही.
- मुलाची प्रगती जाणून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्यात तसे लिहिलेले आहे.

प्रगतीपत्रकात ‘चांगला’ आहे, मग चाचणी कशाला?

पहिली-दुसरीतली बरीच मुले धडा पाठ करतात. पुस्तक समोर धरून ती घडाघडा बोलतात आणि आपल्याला वाटते, वाचायला येऊ लागले. तोच मजकूर दुसऱ्या कागदावर, वेगळ्या क्रमाने लिहून दिला, की मूल थांबते. फळ्यावरचे उतरवून घेणे, वही पूर्ण ठेवणे, कविता म्हणणे या गोष्टी चांगल्याच आहेत. पण त्यांवरून मुलाला वाचता येते का, हे कळत नाही.

ही अडचण फार मोठी आहे. प्राथमिक वर्गांत शिकणाऱ्या ५ कोटींहून अधिक मुलांनी पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान मिळवलेले नाही, असा अंदाज राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये दिला आहे. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या पुढाकाराने ग्रामीण भागात घरोघरी जाऊन ‘असर’ हे सर्वेक्षण केले जाते. त्यात २०२२ साली सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या दर १०० मुलांपैकी सुमारे १६ मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२४ मध्ये ही संख्या सुमारे २३ झाली. सुधारणा झाली आहे, तरी तिसरीतली बहुसंख्य मुले अजून मागेच आहेत.

तिसरीचे वर्ष महत्त्वाचे आहे. तोपर्यंत मूल वाचायला शिकते. त्यानंतर वाचूनच शिकायचे असते. परिसर अभ्यास, गणितातली शाब्दिक उदाहरणे, पुढे इतिहास आणि विज्ञान हे सगळे वाचता आले तरच समजते. तिसरीत राहिलेली अडचण आपोआप सुटत नाही. पुस्तके दरवर्षी जाड होत जातात आणि मूल वर्गात गप्प बसायला शिकते. काही वर्षांनी आपण म्हणतो, ‘याला अभ्यासात गोडीच नाही.’ मुळात त्याला वाचताच येत नव्हते, हे कोणाच्या लक्षात आलेले नसते.

निपुण भारत अभियान काय आहे?

केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने ५ जुलै २०२१ रोजी हे अभियान सुरू केले. ते समग्र शिक्षा योजनेखाली चालते. देशातील प्रत्येक मुलाला इयत्ता तिसरी संपेपर्यंत समजून वाचता यावे, लिहिता यावे आणि साधे गणित यावे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी २०२६-२७ हे वर्ष ठरवले आहे.

वाचनाची ढोबळ लक्ष्ये अशी आहेत:

- बालवाटिका: अक्षरे आणि त्यांचे आवाज ओळखणे, दोन-तीन अक्षरांचे सोपे शब्द वाचणे.
- पहिली: चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्ये वाचणे. वाक्ये मुलाने आधी न पाहिलेली असावीत.
- दुसरी: मिनिटाला ४५ ते ६० शब्द या गतीने, समजून वाचणे.
- तिसरी: मिनिटाला किमान ६० शब्द या गतीने, नवा मजकूर समजून वाचणे.

यात ‘समजून’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. वेगाच्या आकड्याला फार चिकटू नका. मराठीत ‘घरामागे’, ‘आजीजवळ’ असे जोडून आलेले लांब शब्द असतात. दुसऱ्या भाषेत तेवढ्याच अर्थाला दोन किंवा तीन छोटे शब्द लागतात. म्हणूनच एनसीईआरटीने मार्च २०२२ मध्ये तिसरीच्या सुमारे ८६,००० मुलांना एकेकटे बसवून पायाभूत अध्ययन सर्वेक्षण केले. ते २० भाषांत झाले आणि प्रत्येक भाषेसाठी वाचनाची वेगळी पातळी ठरवण्याकरता त्याचा उपयोग केला गेला.

लाभ कोणाला आणि कसा मिळतो?

या अभियानात तुमच्या खात्यात पैसे जमा होत नाहीत. त्यामुळे यादीत नाव आहे का, हप्ता आला का, अशी चौकशी करायची नसते. मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे मिळणारे शिक्षण हाच याचा लाभ आहे. मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत तिसरीपर्यंत शिकत असेल, तर ते यात आलेच. चौथी-पाचवीत गेलेल्या, पण अजून नीट न वाचणाऱ्या मुलांनाही शिक्षकांचे वैयक्तिक मार्गदर्शन, सोबतच्या मुलांची मदत आणि पातळीनुसार वाचन साहित्य द्यावे, असे अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. ‘आता तो पाचवीत गेला, आता काय करणार’ हे उत्तर मान्य करू नका.

चाचणी कशी घेतात?

राज्याप्रमाणे चाचणीचा नमुना वेगळा असतो, पण पद्धत साधारण सारखीच असते. शिक्षक एका वेळी एकाच मुलाला बोलावतात आणि मूल मोठ्याने वाचते. त्याला काही मिनिटेच लागतात. आधी एक सोपा परिच्छेद देतात. तो जमला तर गोष्ट देतात. जमला नाही तर शब्द, आणि तेही जमले नाहीत तर अक्षरे देतात. मुलाला जे शेवटचे नीट जमले, तो त्याचा आजचा स्तर: प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद किंवा गोष्ट. त्यानंतर वाचलेल्या मजकुरावर एक-दोन प्रश्न विचारले, तर समजले किती तेही कळते.

लेखी परीक्षेतून हे कळत नाही. लेखी परीक्षेत रिकामी जागा कोरी राहिली, तर मुलाला प्रश्न वाचता आला नाही, की वाचला पण उत्तर आले नाही, हे पेपर तपासणाऱ्याला सांगता येत नाही.

एकाच वर्गातली तीन मुले

समजा, तिसरीच्या वर्गात तीन मुले वाचनात मागे आहेत. प्रगतीपत्रकावर तिघांचाही शेरा एकच आहे: ‘वाचनाचा सराव आवश्यक.’ वाचन चाचणी घेतल्यावर मात्र तिघांची अडचण वेगळी निघते.

पहिले मूल ‘घर’ शब्दाला ‘धर’ म्हणते आणि ‘भात’ ला ‘मात’ म्हणते. घ-ध, भ-म, ब-व, थ-य ही दिसायला जवळची अक्षरे त्याच्या मनात पक्की झालेली नाहीत. याला धड्याचा सराव देऊन उपयोग नाही. त्याला अक्षरकार्डे, अक्षराच्या आवाजाचे खेळ, पाटीवर किंवा मातीत अक्षर गिरवणे आणि जवळची अक्षरे शेजारी ठेवून त्यांतला फरक शोधणे, असे काम हवे.

दुसरे मूल सगळी अक्षरे ओळखते. पण ‘पाणी’ वाचताना ‘पा... ण... पाण’ म्हणून थांबते आणि ‘चिमणी’ चे ‘चमण’ करते. त्याचे काना, मात्रा, वेलांटी, उकार अजून कच्चे आहेत. त्याला पुन्हा मुळाक्षरे घोकायला लावली, तर ते कंटाळेल. त्याला एकेक स्वरचिन्ह घेऊन शब्द तयार करणे, मग अशाच शब्दांची छोटी वाक्ये वाचणे, असा सराव हवा.

तिसरे मूल न अडखळता वाचते. पण ‘गोष्टीत काय झाले?’ असे विचारले, की काही सांगू शकत नाही. त्याला अक्षरे किंवा शब्द शिकवण्यात वेळ घालवू नये. त्याच्याशी गोष्टीवर बोलणे, नव्या शब्दांचे अर्थ सांगणे, ‘पुढे काय होईल?’, ‘असे का झाले?’ असे विचारणे आणि त्याच्या शब्दांत गोष्ट सांगायला लावणे, हे त्याला उपयोगी पडेल.

तिघांना एकच धडा दहा वेळा लिहायला दिला, तर तिघेही आहेत तिथेच राहतील. चाचणी ही दवाखान्यातल्या तपासणीसारखी असते. ताप तिघांनाही असला, तरी कारण वेगळे असेल तर औषध वेगळे लागते. आणि तपासणी करून औषधच दिले नाही, तर तपासणीने ताप उतरत नाही.

चाचणीनंतर वर्गात काय बदलायला हवे?

चाचणीनंतर शाळेत साधारण पुढील गोष्टी व्हायला हव्यात:

- दिवसाचा काही वेळ मुलांचे गट त्यांच्या वाचन स्तराप्रमाणे करणे. इयत्ता वेगळी असली तरी चालेल. तिसरी-चौथी-पाचवीची मुले एका गटात बसू शकतात.
- प्रत्येक गटाला वेगळे काम आणि वेगळे साहित्य देणे.
- काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेऊन गट बदलणे. पुढे गेलेले मूल पुढच्या गटात जायला हवे.
- पालकांना स्तर आणि पुढची योजना सांगणे.

नुसत्या चाचण्यांनी काय होते, हे हरियाणातील सरकारी शाळांत तपासून पाहिले गेले आहे. तिथे २०१२-१३ च्या सुमारास दोन उपक्रमांचा अभ्यास झाला. एका उपक्रमात शिक्षकांना मुलांचे वारंवार मूल्यमापन करून नोंदी ठेवायला शिकवले होते. त्यामुळे मुलांच्या शिकण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. दुसऱ्या उपक्रमात प्राथमिक शाळेतील मुलांचे स्तरानुसार गट करून रोज एक तास त्या स्तराचे शिकवले. त्या मुलांचे हिंदी वाचन सुधारले. म्हणजे नोंदवही कितीही नीट भरली, तरी वर्गातले शिकवणे बदलल्याशिवाय मूल पुढे जात नाही.

पालक म्हणून याच ठिकाणी तुमची मोठी मदत होऊ शकते. चाचणी झाली का, एवढ्यावर थांबू नका. चाचणीनंतर काय बदलले, ते विचारा.

शाळेत जाऊन विचारायचे पाच प्रश्न

१. माझे मूल वाचनात आज कोणत्या स्तरावर आहे?
२. ते नेमके कुठे अडते? अक्षर, काना-मात्रा, जोडाक्षर, वेग की अर्थ?
३. त्यासाठी येत्या महिन्यात वर्गात वेगळे काय करणार आहात?
४. पुन्हा चाचणी कधी घेणार?
५. घरी आम्ही कोणते एक काम करावे?

हे विचारायला तुम्ही शिकलेले असण्याची गरज नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ च्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्ये दिली आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहणे आणि गरज असेल तर त्याला जादा शिकवणे, हे त्यांपैकी एक आहे. पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती यांची माहिती देणे, हेही त्यात आहे. त्याच कायद्याच्या कलम २८ प्रमाणे शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही. म्हणून जादा शिकवण्यासाठी शाळेतील शिक्षकांनी पैसे मागणे योग्य नाही.

विचारताना सूर भांडणाचा नसावा. एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात, त्यात इतर कामेही असतात. ‘आमचे मूल कुठे अडते ते सांगा, घरी आम्हीही बघतो’ असे म्हटले, तर बहुतेक शिक्षक मनापासून सांगतात.

घरी दहा मिनिटांत कसे पाहाल?

शाळेची चाचणी झाली नसेल, तरी साधारण अंदाज तुम्ही घरी घेऊ शकता. तुम्हाला वाचता येत नसेल, तर मोठी मुलगी, शेजारी किंवा बचत गटातील ताई यांची मदत घ्या. मूल दमलेले किंवा भुकेले नसेल अशी वेळ निवडा. रागवू नका आणि मध्येच दुरुस्त करू नका.

आधी हे वाचायला द्या:

‘आज बाजार आहे. आई भाजी आणते. ताई घरी आहे. ती भात करते.’

हे जमले नाही, तर पुढचे शब्द द्या: घर, कमळ, पाणी, दूध, चिमणी, भाकरी. तेही जमले नाहीत, तर अक्षरे द्या: क, म, र, घ, भ, ध, ज, थ.

वाक्ये जमली, तर ही गोष्ट द्या:

‘आमच्या घरामागे एक जुने चिंचेचे झाड आहे. त्यावर खारीचे घर आहे. काल रात्री खूप जोराचा वारा सुटला. झाडाची एक फांदी कडकन मोडली. सकाळी खार खाली बसून इकडेतिकडे पाहत होती. तिचे पिल्लू दिसत नव्हते. आम्ही सगळे लांबूनच बघत राहिलो. मग दादाने पानांचा ढीग हळूच बाजूला केला. खाली पिल्लू गोल होऊन झोपले होते. खारीने त्याला तोंडात धरले आणि ती दुसऱ्या झाडावर चढली.’

या गोष्टीत ६० शब्द आहेत. मोबाईलवर वेळ लावून पाहता येईल. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाचून झाल्यावर विचारा: फांदी का मोडली? खार कोणाला शोधत होती? ती दुसऱ्या झाडावर का गेली असेल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गोष्टीत सरळ लिहिलेले नाही. ते समजून सांगावे लागते. मुलाने ते सांगितले, तर वाचलेले त्याला कळले.

मूल कुठे थांबले ते वहीच्या मागच्या पानावर तारखेसह लिहा आणि शाळेत दाखवा. महिन्याने पुन्हा पाहा. मूल अडले म्हणून त्याला शिक्षा करू नका, आणि ‘बघ, शेजारची मुलगी कशी वाचते’ असेही म्हणू नका. त्याने मूल तुमच्यासमोर वाचायचेच टाळू लागते.

रोजच्या सवयीत दोन गोष्टी बसवा. एक, रोज दहा मिनिटे मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या: पुस्तक, दुकानाची पाटी, बिस्किटाच्या पुड्यावरची नावे, काहीही. दोन, रोज गोष्ट सांगा किंवा मुलाला दिवसभरात काय झाले ते विचारा. ज्याला पुष्कळ शब्द ऐकून माहीत असतात, त्याला ते वाचताना लवकर ओळखू येतात. आजी-आजोबांना लिहिता-वाचता येत नसले, तरी हे काम त्यांना उत्तम जमते. शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तके घरी मिळतात का, तेही विचारा. दीक्षा या सरकारी संकेतस्थळावर आणि ॲपवर मोफत साहित्य मिळते.

शाळेची भाषा घरच्या भाषेपेक्षा वेगळी असेल तर

घरात मराठी आणि शाळेत गुजराती, कन्नड, तेलुगू किंवा हिंदी अशी अनेक कुटुंबे सुरत, हैदराबाद, इंदूर अशा शहरांत आहेत. तसेच घरी भिली, कोरकू किंवा गोंडी आणि शाळेत मराठी असलेली मुलेही पुष्कळ आहेत. असे मूल चाचणीत मागे दिसले, तर त्याला वाचता येत नाही की ती भाषाच अजून येत नाही, हे आधी पाहायला हवे. दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे. भाषा न येणाऱ्या मुलाला आधी त्या भाषेत ऐकण्या-बोलण्याची संधी हवी.

म्हणून घरी कोणती भाषा बोलता, हे शिक्षकांना पहिल्याच भेटीत सांगा. शक्य असेल तर ‘माझ्या मुलाला तीच गोष्ट घरच्या भाषेत सांगून प्रश्न विचाराल का?’ अशी विनंती करा. शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे, असे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये म्हटले आहे. घरात तुमची भाषा बोलणे बंद करू नका. घरच्या भाषेत मिळालेले शब्द आणि समज मुलाला शाळेची भाषा शिकतानाही उपयोगी पडतात.

कामासाठी गाव सोडावे लागत असेल तर

ऊसतोड, वीटभट्टी किंवा बांधकामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांचे शिकणे मध्येच तुटते. निघण्यापूर्वी शिक्षकांकडून मुलाचा वाचन स्तर एका कागदावर लिहून घ्या. नव्या शाळेत तो दाखवला, तर शिक्षकांना पहिल्या दिवसापासून कुठून सुरुवात करायची ते कळते. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाप्रमाणे वर्गात प्रवेश आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क कायद्याने दिला आहे.

डोळे, कान आणि अध्ययन अक्षमता

मूल पुस्तक डोळ्यांजवळ धरते, फळ्यावरचे चुकीचे उतरवते किंवा हाक मारल्यावर लक्ष देत नाही, असे दिसले तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली आरोग्य पथके शाळांत आणि अंगणवाड्यांत मोफत तपासणी करतात. पथक कधी येणार, ते मुख्याध्यापकांना विचारा.

पुरेसे आणि योग्य शिकवूनही बरेच महिने प्रगती दिसली नाही, तर विशिष्ट अध्ययन अक्षमता असू शकते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ मध्ये तिचा समावेश आहे. अशा मुलांना लवकर ओळखून योग्य पद्धतीने शिकवणे ही शिक्षण संस्थांची जबाबदारी आहे. मात्र शाळेतील वाचन चाचणीवरून कोणत्याही मुलाला अक्षमता आहे असे ठरवता येत नाही. त्यासाठी तज्ज्ञांची तपासणी लागते. कोणी घाईने तसा शिक्का मारत असेल, तर तो मान्य करू नका.

शाळेकडून उत्तर मिळाले नाही तर

आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक यांना भेटा. त्यानंतर शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा. या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. समितीच्या बैठकीत ‘प्रत्येक वर्गात कोणत्या स्तरावर किती मुले आहेत आणि मागच्या चाचणीनंतर किती पुढे गेली?’ एवढे विचारले, तरी चर्चा योग्य मार्गावर येते. मुलांची नावे जाहीर वाचण्याची गरज नाही, संख्या पुरे.

तरीही उपाय झाला नाही, तर स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे साधारणपणे तुमच्या भागातील पंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिका यांच्याकडे, लेखी तक्रार करता येते. कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा. निर्णय पटला नाही, तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

*चाचणीत स्तर कमी आला, तर मूल त्याच वर्गात बसवतील का?*
नाही. वाचन चाचणी आणि वार्षिक परीक्षा या वेगळ्या गोष्टी आहेत. पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेचे नियम राज्यानुसार वेगळे आहेत. त्यांचा या चाचणीशी संबंध नाही.

*पोषण आहार बंद होईल का?*
नाही. पात्र शाळेतील बालवाटिका ते आठवीच्या सर्व मुलांना पीएम पोषण योजनेचा लाभ आहे. वाचनाचा स्तर ही त्याची अट नाही.

*चाचणीच्या दिवशी मूल घाबरले किंवा आजारी होते. मग?*
शिक्षकांना सांगा आणि काही दिवसांनी पुन्हा पाहायला विनंती करा. एका दिवसाच्या चाचणीवरून मुलाबद्दल कायमचे मत बनवू नये.

*चाचणीआधी तयारी करून घ्यावी का?*
नको. उतारा पाठ करून घेतला, तर स्तर वर दिसेल, पण अडचण लपून राहील. मग त्या अडचणीवर मुलाला मदत मिळणार नाही.

*मूल ‘कच्च्या गटात’ बसते, त्याला कमीपणा वाटतो.*
गटाला असे नाव देणेच चूक आहे. शिक्षकांशी बोला. गट तात्पुरते असायला हवेत आणि मुलाची प्रगती होईल तसे बदलायला हवेत. कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देता येत नाही.

विनंती अर्जाचा नमुना

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
(शाळेचे नाव व गाव)

विषय: पाल्याचा वाचन स्तर आणि पुढील अध्यापनाची माहिती मिळण्याबाबत

महोदय/महोदया,
माझा/माझी पाल्य (नाव) आपल्या शाळेत इयत्ता (इयत्ता) मध्ये शिकत आहे. त्याचा/तिचा सध्याचा वाचन स्तर, वाचनातील नेमकी अडचण, त्यासाठी वर्गात करण्यात येणारे काम आणि पुढील चाचणीची तारीख कृपया मला सांगावी. घरी करायच्या सरावाबाबतही मार्गदर्शन करावे, ही विनंती.

दिनांक:
पालकाची सही किंवा अंगठा:

अर्जाच्या दोन प्रती करा. एक शाळेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच घेऊन ती जपून ठेवा. पुढच्या पालक सभेला जाताना तीच प्रत सोबत न्या आणि मुलाचा स्तर तेव्हापासून किती पुढे सरकला, ते विचारा.